सुधारलेली प्रत

दुंडाप्पा मलगोंडा हेब्बाळे,
सभासद, बावन्न ते बासष्ट.
कुलाब्याच्या जुन्या कौन्सिल हॉलात
ते वर, मागच्या बाकावर;
मी खाली टेबलाशी, लघुलेखक,
तीन पेन्सिली, दहा मिनिटांची पाळी.

पहिल्या दिवशी ते दारातच थांबले.
वर दगडात सागरदेव,
माशाच्या शेपटीचे घोडे.
"देवाजवळ पाणी लई दिसतंय," शिपायाला म्हणाले,
आणि वहाणा काढून आत गेले.
शिपायानं त्या चिमटीत धरून आणून दिल्या.

त्यांचा प्रश्न एकच, तारांकित:
तांबाळ ओढ्यावर पूल कधी?
एकदा उपप्रश्न विचारायला उठले
आणि सरळ सांगतच सुटले.
"वडा फुगला हुता. भावाची बायकू अडलेली.
गुळाच्या कायलीत बसवून पल्याड न्हेत हुतो.
मधी कायल उलाटली.
मी हात धरला हुता, अध्यक्षम्हाराज.
माज्या हातात बांगडी तेवढी ऱ्हायली."

सभागृहात कुणीतरी खोकलं.
माझी पाळी संपायला चार मिनिटं होती.

रात्री टंकताना
गिरगावात शिकलेल्या माझ्या मराठीनं
त्याचं असं केलं:
"पावसाळ्यात दळणवळण खंडित होऊन
जनतेची फार गैरसोय होते,
याकडे मी शासनाचे लक्ष वेधू इच्छितो."
सकाळी प्रत तपासायला नेली.
चष्मा गावी राहिलाय म्हणाले. सही केली.

उत्तर: बाब विचाराधीन आहे.
दहा वर्षांत अकरा वेळा.
त्या वाक्यासाठी मी एक खूणच करून ठेवली होती,
अर्ध्या वेलांटीएवढी.
हात उचलावा लागत नसे.

छप्पन्नात धारवाडकडची मंडळी गेली.
त्यांच्यातल्या एकाशी हेब्बाळे कानडीत बोलत,
लॉबीतल्या खिडकीत उभं राहून,
शेंगांच्या चटणीचा डबा मधे उघडा.
साठीत गुजराती बाकंही उठली.
पेढे वाटले गेले, त्यांनीही खाल्ला.
"आता समदी आपलीच माणसं,"
मला म्हणाले,
आणि डबा रुमालात बांधून ठेवला.

त्यांच्या निवासाच्या खोलीत
गावाकडचं कुणी ना कुणी कायम पडलेलं.
मूतखड्याचा म्हातारा, गिरणीत बदलीवर लागू पाहणारी पोरं,
एकदा तर घटप्रभेपलीकडची एक बाई,
जिचं मत त्यांना कधीच मिळणार नव्हतं.
साहेब स्वतः गॅलरीत, घोंगड्यावर.
केईएमच्या रांगेत ते जितके तास बसले
तितके सभागृहात बसले नसतील.
हजेरीपटावर तेवढंच दिसतं.

बासष्टला तीनशे अकरा मतांनी पडले.
सहासष्टला पूल झाला.
कोनशिलेवर जिंकलेल्याचं नाव.
त्या दिवशी हेब्बाळे म्हणे हार घेऊन गेले होते,
आणि पुलावरून न जाता
खालून, गुडघाभर पाण्यातून परतले.
ही ऐकीव गोष्ट. वृत्तांतात नाही.

मग एका मार्चमध्ये ग्रंथालयात आले,
पुतण्याच्या कोर्टाच्या कामासाठी मुंबईत होते.
"त्या दिवशी मी काय बोललो, तेवढं वाचून दाखवा की."
मी खंड काढला. वाचलं.
दळणवळण. गैरसोय. लक्ष वेधू इच्छितो.
डोळे मिटून ऐकत होते.
"चांगलं बोललाय. कोण हुता ह्यो?"

मी काही बोललो नाही.
माझ्या वह्या नियमाप्रमाणे
वर्षभरानं रद्दीत गेलेल्या.

"बांगडीचं न्हाई व्हय ह्यात?"
नाही, म्हटलं.
"आसू दे. छापलेल्यात बरं दिसलं नसतं."
पिशवीतून गुळाचा खडा काढला,
टेबलावरच्या टीपकागदावर ठेवला,
जिना उतरून गेले.

अनुक्रमणिकेत त्यांचं नाव दोनदा आहे.
एकदा हेबळे असं छापलंय.
ती चूकही माझीच.